आयांसाठी काढलेला सिनेमा

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी एका सिनेमात आईचं काम केलं आणि त्याच सिनेमात तिच्या मुलीचंही. डबल रोल म्हटलं की ऐकणाऱ्याला भारी वाटतं. आमचा तो नाइलाज होता. वर्गातल्या बाकीच्या मुलींनी "घरी कळलं तर तंगडं मोडतील" म्हणून हात वर केले होते. माझे वडील रेल्वेत, सारखे कुर्डुवाडीकडे ड्यूटीवर. आई तेवढी घरी होती. तिने एकच विचारलं, "कुणाच्या गळ्यात पडायचं नाही ना? मग कर काय करायचं ते."

आणीबाणीच्या आगेमागेची ती वर्षं. सोलापुरात सिनेमे बघणारे घरटी चार होते, पण सिनेमा काढणारं आमच्या माहितीत कुणी नव्हतं. आमच्या वर्गातल्या एकाच्या वडिलांचा फोटो स्टुडिओ होता. त्यांनी कुठूनसा आठ एमेमचा जुना कॅमेरा आणि एक प्रोजेक्टर मिळवला होता. मुलगा तो वापरायला शिकला आणि आपोआप आमचा कॅमेरामन झाला. तो फारसा बोलायचा नाही. "रीळ संपलं" एवढंच त्याचं ठरलेलं वाक्य, आणि तेही नेमकं माझ्या डोळ्यांत पाणी आल्यावर यायचं.

दुसरा आमचा डायरेक्टर. हा पूर्व भागातल्या विणकराच्या घरचा. घरी तेलुगू, कॉलेजात मराठी, आणि पुण्याला सिनेमाच्या एका शिबिराला जाऊन आल्यापासून तिसरीच कुठली तरी भाषा बोलायचा. शिबिरातून तो खादीचा झब्बा आणि 'आशय' हा शब्द घेऊन आला होता. झब्बा अधूनमधून धुवायला पडायचा, 'आशय' मात्र रोज वापरात.

गोष्ट त्यानेच लिहिली होती. मॅट्रिक झालेल्या मुलीला कॉलेजला जायचंय, आई पाठवत नाही. मुलगी रडते, झुरते आणि शेवटी एका सकाळी वह्या छातीशी धरून घर सोडून कॉलेजच्या रस्त्याला लागते. आवाज नव्हता, त्यामुळे सिनेमा चालू असताना संवाद डायरेक्टर स्वतः पडद्याशेजारी उभा राहून म्हणणार होता. आई आणि मुलगी दोन्ही मीच असल्याने दोघी एका वेळी दिसणं शक्य नव्हतं. आई झाले की डोक्यावर पदर घेऊन पाठमोरी बसायचं, मुलगी झाले की दोन वेण्या घालून भिंतीला टेकायचं. पाऊण सिनेमात आई पाठमोरीच आहे.

चित्रीकरण महिनाभर डायरेक्टरच्या गल्लीत, त्याच्या घरासमोर राहणाऱ्या एका काकूंकडे झालं. या काकू मूळच्या करकंबच्या. घरची शेती भावकीत सोडून नवऱ्याच्या गिरणीतल्या नोकरीपायी शहरात आलेल्या. सगळी गल्ली त्यांना करकंबच्या काकूच म्हणायची. त्यांच्या स्वयंपाकघरात उजेड नव्हता, म्हणून आम्ही स्वयंपाकघरच उचलून परसात उन्हात मांडलं. भिंतीला फळ्या लावल्या, खाली चूल मांडली. फळ्या रिकाम्या दिसायला लागल्या तेव्हा काकूंनी शेजारपाजारून पितळेची, तांब्याची भांडी आणवली. कुणाची परात, कुणाचे डबे, कुणाचं घंगाळ. चिंचेने घासून ती अशी लखलखीत केली की कॅमेरामन डोळे चोळत म्हणाला, "जरा कमी घासा."

सिनेमा झाला. कॉलेजच्या हॉलमध्ये खिडक्यांना चादरी लावून आम्ही पहिला खेळ ठेवला. हॉल खच्चून भरला, कारण सिनेमात मुलगी आहे अशी बातमी पसरली होती. मी वेण्या घालून पडद्यावर आले की शिट्ट्या. पदर घेऊन पाठमोरी आले की कुणीतरी "आईऽऽ" म्हणून गळा काढायचा. डायरेक्टर पडद्याशेजारून जिवाच्या आकांताने म्हणत होता, "आई, ज्ञानाविना जीवन म्हणजे अंधार!" आणि त्यावर मागून आवाज आला, "दिवे लाव की मग!"

खेळ संपल्यावर आमचे अर्थशास्त्राचे सर पुढे आले. त्यांनी आधी कौतुक केलं, मग विचारलं, "हा सिनेमा कुणासाठी काढलाय?"

"समाजासाठी," डायरेक्टर म्हणाला.

"समाज म्हणजे कोण? या मुलांना काय सांगताय, ती कॉलेजातच आहेत. जी आई मुलीला पाठवत नाही तिच्यासाठी आहे ना हा? मग हॉलमध्ये अशा आया किती होत्या?"

आम्ही आठवून बघितलं. हॉलमध्ये झाडूवाल्या मावशी होत्या, पण त्या हॉल कधी रिकामा होतोय याची वाट बघत दाराशी उभ्या होत्या.

सरांचं बोलणं डायरेक्टरच्या फार मनाला लागलं. दुसऱ्या दिवसापासून 'आशय' मागे पडला आणि 'प्रेक्षक' आला. प्रेक्षक म्हणजे आया. त्यांना गाठायचं कसं? त्याने गुलाबी कागदावर पत्रकं छापून आणली. 'माता-भगिनींनो! आपल्या कन्येच्या भवितव्याचा विचार केलात काय? अवश्य या. प्रवेश मोफत.' खाली देवळाच्या सभामंडपाचा पत्ता आणि वेळ. भाजी मंडईत, देवळापुढे, नळावर आम्ही पत्रकं वाटली. नळावरच्या बायकांनी ती घेतली आणि डोक्यावरच्या हंड्याखाली चुंबळीत घातली. मंडईतल्यांनी त्यात मिरच्या बांधल्या.

ठरलेल्या दिवशी सभामंडपात पाऊल टाकलं, तर आई एकही नाही. फेटा बांधलेले एक गृहस्थ आणि त्यांच्या शेजारी नवीकोरी पँट घातलेला एक तरुण तेवढे बसलेले. आम्हाला बरं वाटलं. निदान वडील तरी आले! डायरेक्टरने पूर्ण सिनेमा त्या दोघांना दाखवला, सगळे संवाद म्हणून. दिवे लागल्यावर गृहस्थ घसा साफ करून म्हणाले, "आमी माळशिरसचे. ह्यो आमचा पुतण्या. बागाईत हाय. कन्येच्या भवितव्याचं वाचलं म्हणून आलो. मुलगी कोन, ही पिक्चरमधलीच का?"

डायरेक्टरने उत्तर द्यायच्या आत पुतण्याने माझ्याकडे बघून मान खाली घातली. कॅमेरामन प्रोजेक्टरच्या मागे जाऊन खांदे गदागदा हलवत बसला. मी म्हटलं, "काका, मी अजून शिकतेय."

"शिका की," ते म्हणाले, "साखरपुड्यापतोर शिका."

यानंतर मी पत्रकांना हात लावणार नाही असं सांगून टाकलं. डायरेक्टर म्हणाला, आया येत नसतील तर आपण आयांकडे जाऊ. त्याच्याच गल्लीत जायचं ठरलं. हातगाडीवर प्रोजेक्टर, वर दोन बांबूंना बांधलेला पांढरा पडदा आणि लग्नातला एक भोंगा मागून आणलेला. दिवेलागणीला आम्ही गल्लीच्या तोंडाशी पोचलो आणि डायरेक्टरने भोंगा तोंडाला लावला. "माता-भगिनींनो! आज आपल्या गल्लीत मोफत बोधपर चित्रपट! सर्वांनी यावे!"

पुढच्या क्षणी जे झालं ते मी कधी विसरणार नाही. गल्लीतले पुरुष नाहीसे झाले. ओट्यावर पत्ते खेळत बसलेले चौघे पत्ते तिथेच टाकून मागच्या बोळात शिरले. न्हाव्याच्या दुकानातलं एक गिऱ्हाईक अर्ध्या गालाला साबण लावलेल्या अवस्थेत पळालं. दारं धडाधड बंद झाली. कुठल्या तरी खिडकीतून एका बाईचा आवाज आला, "आमच्याकडं झालंय! पुढच्या गल्लीत जावा!"

त्या दिवसांत मोफत बोधपर चित्रपट म्हणजे एकच, कुटुंबनियोजनाचा. गाडी यायची, पडदा लागायचा आणि सिनेमा संपला की नसबंदीच्या कॅम्पला चला म्हणून आग्रह व्हायचा. आमचा भोंगा, आमचा पडदा, आमचा बोध, सगळं तसंच. डायरेक्टरला स्वतःच्या घराचंही दार बंद मिळालं. त्याने ते ठोठावलं तर आतून त्याचे वडील तेलुगूत म्हणाले, आणि त्यानेच आम्हाला मराठी करून सांगितलं, की घरात पुरुषमाणूस नाही.

आम्ही हातगाडी घेऊन करकंबच्या काकूंच्या ओट्याला टेकलो. काकूंचं दार तेवढं उघडं होतं. त्या आणि त्यांची मुलगी मांडीवर सुपं घेऊन विड्या वळत बसल्या होत्या. मुलगी माझ्याहून दोनेक वर्षांनी लहान, मॅट्रिक चांगल्या मार्कांनी झालेली. आता दिवसभर पानं कातरायची आणि तंबाखू भरायची. काकूंनी आम्हाला भाकरी आणि शेंगाची चटणी वाढली. डायरेक्टर घास मोडून नुसताच बघत बसला.

तेवढ्यात भिंतीपलीकडची एक बाई डोकावून म्हणाली, "काकू, माझी परात तुमच्याकडंच हाय का अजून?"

"हाय की. नेतीस का?" आणि मग सहज काकू म्हणाल्या, "तुझी परात पिच्चरमदी हाय गं. लई ठसठशीत दिसतीया म्हनं."

बाई भिंतीवरून अर्धी आत आली. "माझी परात? पिच्चरमदी? नाव दिसतंय?"

प्रत्येक भांड्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव कोरलेलं होतं. लग्नातलं असेल तर माहेरचं, नाहीतर सासरचं. कॅमेरामन म्हणाला, "दिसतंय. सगळ्यांची दिसतात."

"सगळ्यांची?" बाईचा चेहरा पडला. "समोरचीचं घंगाळ बी हाय?"

"घंगाळ तर मधोमध आहे."

ती बाई गेली आणि पलीकडच्या अंगणात कुजबुज सुरू झाली. डायरेक्टरच्या ध्यानात आलं तेव्हा तो उसळलाच. "म्हणजे भांडी बघायला येणार? प्रेक्षकाने आशयासाठी यायला पाहिजे!"

कॅमेरामन त्या सबंध वर्षात एवढं लांब कधी बोलला नव्हता. तो म्हणाला, "येऊ दे रे. भांड्यांसाठी येऊ दे, भांडायला येऊ दे. आधी येऊ तर दे."

दुसऱ्या संध्याकाळी काकूंचं परस बायकांनी भरून गेलं. भोंगा नाही, पत्रक नाही. मराठी, तेलुगू, अक्कलकोटकडच्या दोन-तीन कानडी बोलणाऱ्या, सगळ्या मांडीवर सुपं घेऊन बसलेल्या. अंधारातही हात चालू. तंबाखूच्या वासाने मला शिंका यायला लागल्या. डायरेक्टरची अम्मा सर्वांत पुढे, कारण तिचे दोन डबे होते.

सिनेमा सुरू झाला आणि फळीचं दृश्य येताच गलका उठला. "माझी परात!" "ती बघ तांब्याची घागर!" "थांबवा की जरा, माझं घंगाळ मागं गेलं!" सिनेमा थांबवला तर दिव्याच्या उष्णतेने रीळ जळतं, हे कॅमेरामन सांगत होता, पण ऐकतंय कोण. डायरेक्टर "ज्ञानाविना जीवन" म्हणेपर्यंत फळी गेली आणि अर्ध्या बायका ओरडल्या, "पुन्हा लावा!"

पुन्हा लावला. या खेपेला घंगाळवालीने कुणाचं भांडं मोठं दिसतं यावरून परातवालीशी वाद काढला. अम्माने आपले डबे एका कोपऱ्यात अर्धेच दिसतात म्हणून पोटच्या पोराला चारचौघांत तेलुगूत झापलं. नेमके शब्द मला कळले नाहीत, पण सगळ्या तेलुगू बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या.

तिसऱ्यांदा लावला तेव्हा भांडी बघून झाली होती. आता बघायला उरली होती ती गोष्टच. 

"ही आई तोंड का दाखवत न्हाई?" एकीने विचारलं.

मी घाबरले. डबल रोल उघडकीला येणार! पण दुसरीने लगेच उत्तर दिलं, "कसं दाखवंल? पोरीला घरात कोंडली हाय. तोंड दाखवायला जागा न्हाई तिला."

डायरेक्टर थक्क झाला. त्याने ते वाक्य तिथल्या तिथे पाठ केलं असणार, कारण पुढे आयुष्यभर, आई पाठमोरी का, असं कुणी विचारलं की तो हेच उत्तर स्वतःचं म्हणून देत आला.

मग बायकाच बोलायला लागल्या. डायरेक्टरचे संवाद कुणी ऐकेना. पाठमोऱ्या आईच्या वतीने एक म्हणाली, "कॉलेजला गेलीस तर विड्या कोन वळनार?" मुलीच्या वतीने दुसरी म्हणाली, "धाकटा काय करतोय? नुसत्या गोट्या खेळतोय." डायरेक्टरने धाकटा लिहिलाच नव्हता. त्यांनी तो घातला, त्याला दोन शिव्या दिल्या आणि खटला पुढे चालवला.

शेवटी मी वह्या छातीशी धरून घराबाहेर पडले, तशी सगळ्याच भडकल्या. "कुटं निघाली ही न सांगता?" "आईला इचारलं का?" "सकाळच्या पारी उपाशी?" "डबा तरी न्यायचा!" ज्या दृश्यावर डायरेक्टरला टाळ्या अपेक्षित होत्या, तिथे मी गल्लीतून काढून टाकण्याच्या लायकीची ठरले.

 काकूंची मुलगी मागे बसली होती, मान खाली घालून पान कातरत. हळूहळू एकेक बाई वळून तिच्याकडे बघायला लागली आणि तिच्याकडून काकूंकडे.

काकू म्हणाल्या, "माझ्याकडं काय बघताय? पिच्चरकडं बघा की!"

पिक्चर तोपर्यंत संपला होता. पडद्यावर नुसता पांढरा उजेड होता.

दोन दिवसांनी काकूंनीच डायरेक्टरला हाक मारली. "ते तुमचं शेवटचं काय बरोबर न्हाई. आन् ती पाठमोरी बाई काय आई वाटत न्हाई. मला घ्या."

एक रीळ कसंबसं मिळवून आम्ही शेवट पुन्हा काढला. मुलगी निघते आणि आई दारात तिला डबा देते. डायरेक्टरने समजावलं, "काकू, तुम्ही हसून निरोप द्यायचा. चेहऱ्यावर समाधान पाहिजे."

"हसू कशाला? पोरगी भायेर निघाली की पोटात गोळा येतोय."

कॅमेरा सुरू झाला आणि काकूंनी मला खांद्याला धरून गर्रकन फिरवलं. माझी वेणी सैल वाटली म्हणून ओढून पुन्हा घातली. माझ्या डोळ्यांत खरंखुरं पाणी आलं. काकूंनी माझा पदर नीट केला, डबा हातात कोंबला, परत काढून घेतला, फडक्याची गाठ घट्ट केली, पुन्हा कोंबला. तोंडाचा पट्टा सतत चालू. मग पाठीत एक हलकी चापट मारून मला उंबऱ्याबाहेर काढलं आणि त्या दारातच उभ्या राहिल्या. हसल्या नाहीत. "रीळ संपलं," कॅमेरामन म्हणाला, पण या खेपेला हळू म्हणाला.

तो नवा शेवट गल्लीत दाखवला, तेव्हा काकू काय बोलतायत ते पडद्यावर ऐकू येत नव्हतं. पण गल्ली त्यांना रोज ऐकत होती. ओठ हलले की बायका एका सुरात सांगायच्या, "चटणी वरच्या कप्प्यात हाय म्हनतीया... वह्यांना तेल लावू नकोस म्हनतीया... येताना नीट ये म्हनतीया." डायरेक्टरने संवादाचा कागद घडी करून खिशात ठेवला.

नंतर शेजारच्या गल्ल्यांतून बोलावणी यायला लागली. आम्हाला काही करावं लागायचं नाही. खेळाच्या आदल्या दिवशी काकू त्या गल्लीत जाऊन नळावर उभ्या राहायच्या आणि सांगायच्या, "उद्या पिच्चर हाय. मी हाय त्यात." कुटुंबनियोजनाचा आहे का असं कुणी विचारलं, तर म्हणायच्या, "माझ्याकडं बघून तसं वाटतंय व्हय?" मागून आमची हातगाडी जाईपर्यंत अंगण भरलेलं असायचं. पुण्याच्या एका स्पर्धेत डायरेक्टरने सिनेमा पाठवला. तिथे बक्षीस काही मिळालं नाही. पण एका घरातल्या भांड्यांवर वेगवेगळ्या घरांची, वेगवेगळ्या लिप्यांतली नावं कोरलेली दाखवून दिग्दर्शकाने समाजाच्या एकतेवर मार्मिक भाष्य केलं आहे, असं परीक्षक म्हणाले. त्याने ते मान खाली घालून स्वीकारलं.

जूनमध्ये काकू मला म्हणाल्या, "पोरीचं नाव घालायचंय कॉलेजात. काय काय लागतं?"

डायरेक्टर जवळच होता. त्याचा चेहरा उजळला. "काकू, सिनेमा बघून ठरवलंत ना?"

"पिच्चरचं काय घिऊन बसलाय," काकू म्हणाल्या. "तुमी तिघं म्हैनाभर माझ्याकडं जेवत हुता. तुमी दोघं पोरं रोज आपली ताटं घासून पालथी घालत हुता. बरोबरच्या ह्या पोरीला कदी वाकडं बोललं न्हाईत. म्हटलं, असली पोरं असत्याल कॉलेजात तर जाऊ दे."

डायरेक्टर झब्ब्याची बाही उलगडत बसला. संध्याकाळी कॅमेरामनला सांगितलं, तर तो म्हणाला की ताटं घासायची कल्पना आपली होती.

कॉलेज भरलं त्या दिवशी काकू मुलीबरोबर आल्या. मला वाटलं, फाटकातून परत जातील. त्या थेट वर्गात आल्या आणि शेवटच्या बाकावर बसल्या, नऊवारी नीट सावरून. मुलगी लाजेने लालबुंद. तर्कशास्त्राचे प्राध्यापक आले, त्यांनी हजेरी घेतली, काकूंकडे बघितलं, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं आणि फळ्यावर 'सर्व माणसे मर्त्य आहेत' हे तर्काचं पहिलं उदाहरण लिहून शिकवायला सुरुवात केली. मी दाराबाहेर थांबले होते. काकू तासभर हनुवटीला बोट लावून ऐकत होत्या.

तास संपल्यावर बाहेर आल्या तेव्हा मी विचारलं, "काय काकू, पसंत पडलं का कॉलेज?"

"मास्तर चांगला वाटला. पोरींकडं न बघता खिडकीकडं बघून बोलत हुता." मग मुलीकडे वळून म्हणाल्या, "उद्या किती वाजता हाय गं ह्यो तास?"

"तू कशाला येतीस आता उद्या?" मुलगी रडकुंडीला आली होती.

"येतीया की. सगळी माणसं मरणार हायेत, एवढंच सांगून घंटा झाली. कशानं मरणार, त्ये सांगितलंच न्हाई त्येनी."